गुरुवारचं खराब हवामान

"अभिनंदन! शेवटी आला बघ तुझा लेख," खोलीत पाय टाकता टाकताच सेमिसी म्हणाला. "सगळं आहे त्यात. तुझं नाव तेवढं राहिलंय."

सकाळी कुणाची तरी फिरकी घेतल्याशिवाय सेमिसीला चहा गोड लागत नसे, म्हणून अकानेसीने मान वर केली नाही. टोंगाच्या राजधानीत, नुकुआलोफाच्या बंदरामागच्या त्या छोट्या संशोधन केंद्रात दोघांची टेबलं समोरासमोर होती आणि सात वर्षांत ती त्याच्या थट्टेला सरावली होती. पण आज त्याने आपला लॅपटॉप उचलून तिच्यापुढे आणून ठेवला आणि नेहमीसारखा हसला नाही. तिने उभ्यानेच वाचायला घेतलं. अर्ध्यावर आल्यावर ती खाली बसली.

उथळ खडकाच्या बिळांतून ऑक्टोपस निघून गेले, की दोन आठवड्यांनी समुद्र तापतो आणि प्रवाळ पांढरं पडायला लागतं, असं त्या लेखात सिद्ध केलं होतं. चौऱ्याऐंशी बिळं, चार वर्षं, रोजची मोजणी. मोजणीची जागा म्हणून ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या किनाऱ्यासमोरच्या एका बेटावरचं अभ्यास केंद्र दिलं होतं. लेखकांची पाच नावं होती. चार तिच्या ओळखीची नव्हती. शेवटचं नाव ग्लेनिस हार्कनेस असं होतं.

या धंद्यात शेवटचं नाव मानाचं असतं. ते गाइडचं. आणि ग्लेनिस ही अकानेसीचीच गाइड होती.

हा शोध खरा तर अकानेसीचाही नव्हता. तो एसेता आत्याचा होता, आणि आत्याकडे तो तिच्या आजीकडून आलेला. फांगामोटू गावच्या बायका ओहोटीला खडकावर जातात, बिळाबिळात काठी घालून ऑक्टोपस धरतात. बिळं रिकामी दिसायला लागली, की आत्या म्हणायची, "समुद्राला ताप येणार." अकानेसी पीएचडी करून परत आली आणि तिने एवढंच केलं, की त्या बोलण्याला वही-पेन दिलं. अकरा बायका चार वर्षं रोज मोजत राहिल्या. उन्हात, पावसात, गुडघाभर पाण्यात. मोबदला म्हणून आत्याने एकच गोष्ट मागितली होती.

"ते जगभर वाचतात ना, त्या कागदावर आपल्या गावाचं नाव छापून आलं पाहिजे. माझं नाही आलं तरी चालेल. गावाचं आलं पाहिजे."

"येईल आत्या. शब्द देते."

टोंगात आत्याला दिलेला शब्द म्हणजे साधी गोष्ट नव्हे. आत्या बापाच्याही वर. घरात मूल जन्मलं तर नाव ती सांगणार, भाऊ गेला तर त्याच्या उशाशी ती बसणार, आणि तिने नको म्हटलं तर नको. अकानेसीने तीन वर्षांपूर्वी लेख लिहून जर्नलकडे पाठवला, त्यात पहिल्याच पानावर गावाचं नाव घातलं आणि अकराही बायकांची नावं लेखक म्हणून दिली. तेव्हापासून दर शनिवारी गावी गेली की आत्या विचारायची, "छापून आलं?"

आलं नव्हतं. जर्नलची रीत अशी, की आलेला लेख दोन जाणकारांकडे गुपचूप तपासायला द्यायचा. लेखकाला त्यांची नावं कळत नाहीत. लेख आणि त्यासोबतचे आकडे कुणाला दाखवायचे नाहीत, स्वतः वापरायचे नाहीत, असं ते परीक्षक लिहून देतात. अकानेसीच्या पहिल्या परीक्षकाने लेखाचं कौतुक केलं. दुसऱ्याने दीड पान लिहिलं होतं, भाषा अगदी गोड, आणि शेवटी: "अप्रशिक्षित गावकरी बायकांनी केलेली मोजणी विश्वासार्ह मानता येणार नाही." लेख परत आला. दोन दिवस ती जेवली नव्हती. मग तिने मन मोठं करून मान्य केलं, की असेल, आपलंच काही कमी पडलं असेल.

"योगायोग असेल," ती आता सेमिसीला म्हणाली. तिलाच तो आवाज पटला नाही.

"असेल की. बिळंही चौऱ्याऐंशी, हाही योगायोग. त्यांच्या ऑक्टोपसांनी आपल्या ऑक्टोपसांना पत्र पाठवून विचारलं असेल, तुम्ही किती जण म्हणून."

लेखासोबत आकड्यांचा तक्ता होता. तिने तो उघडला. आकडे ओळखीचे वाटत होते, पण तारखा जुळत नव्हत्या. तिच्या वहीत मंगळवारी जो आकडा होता तो इथे शनिवारी होता. आणि मग तिला ते दिसलं. सहा आकडे, एक रिकामी ओळ. सहा आकडे, एक रिकामी ओळ. दर सातव्या दिवशी मोजणी नाही. दर गुरुवारी.

फांगामोटूत रविवारी कुणी समुद्रावर जात नाही. रविवारी होडी लोटायची नाही, जाळं टाकायचं नाही, खडकावर पाय ठेवायचा नाही. चर्च, जेवण आणि झोप. म्हणून तिच्या चार वर्षांच्या नोंदीत दर रविवारी रिकामी ओळ होती. कुणी तरी सगळ्या तारखा चार-चार दिवसांनी पुढे सरकवल्या होत्या, म्हणजे दोन तक्ते शेजारी ठेवले तरी कुणाला चटकन कळू नये. पण रिकाम्या जागा भरायचं मात्र धाडस झालं नव्हतं, किंवा आळस केला होता. तळाला बारीक अक्षरात एक टीप होती: "रिकाम्या नोंदी खराब हवामानामुळे."

"चार वर्षं दर गुरुवारी वादळ," सेमिसी हळूच म्हणाला. "आणि शुक्रवारी लख्ख ऊन. बरं शिस्तीचं वादळ आहे."

तिने तीन-चार पानं पाहिली आणि लॅपटॉप मिटला. पुढे बघायची गरज नव्हती. रागाआधी तिला लाज वाटली, ती कशाची हे तिलाही सांगता आलं नसतं. जिने आपल्याला लिहायला शिकवलं तिनेच केसाने गळा कापला होता, आणि तीन वर्षं आपण मान पुढे करून बसलो होतो.

ग्लेनिस काही परकी नव्हती. पीएचडीच्या पहिल्या वर्षी ऑस्ट्रेलियात एकटी पडलेली अकानेसी रडायची, तेव्हा ग्लेनिसने तिला आपल्या घरी महिनाभर ठेवून घेतलं होतं. तिचं इंग्रजी सुधारलं, तिच्यासाठी भांडली. पुढे फांगामोटूला आली, चटईवर मांडी घालून बसली, आत्याच्या हातचं नारळाच्या दुधातलं अळू बोटं चाटत खाल्लं. आत्याने तिला केवड्याच्या पानांची बारीक विणीची चटई दिली होती, घरातल्या माणसाला देतात तशी. आणि ग्लेनिसनेच अकानेसीला या धंद्याचा पहिला धडा दिला होता: "लेखावर नाव कुणाचं? ज्याचे पाय भिजले त्याचं. ओळखीपोटी, मानापोटी कुणाचं नाव घालायचं नाही. माझंसुद्धा." अकानेसीने तो धडा मनापासून पाळला. ऑक्टोपसच्या लेखावर तिने ग्लेनिसचं नाव घातलं नव्हतं.

तिने त्याच दिवशी संपादकाला लिहिलं. त्या जर्नलची नीतिनियमांची सात पानं होती, फार सुंदर भाषेत लिहिलेली. त्यातलं कलम सांगून तिने दोन्ही तक्ते जोडले. चार दिवसांनी नम्र उत्तर आलं: विषय गंभीर आहे, नियमानुसार लेखकांचं म्हणणं मागवलं आहे.

लेखकांचं म्हणणं दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवरच आलं.

"अकानेसी, बाळा, संपादकाला लिहायच्या आधी मला एक फोन करावासा वाटला नाही तुला?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच, पण ग्लेनिसचा आवाज ऐकून अकानेसी जुन्या सवयीने खुर्चीवरून उठून उभी राहिली. तिला स्वतःचाच राग आला.

"दुसऱ्या परीक्षक तुम्ही होतात?"

पलीकडे कपबशीचा आवाज झाला.

"हो, मी होते. आणि मी नाकारला नसता तर आणखी कुणी नाकारला असता. एक गाव, अकरा बायका, हातात काठ्या. कोण मानणार होतं? इतका मोठा शोध मरू द्यायचा होता का मी? आज जगभर वाचतायत लोक."

"ते माझे आकडे आहेत. आमचे आकडे."

"आकडे समुद्राचे असतात, बाळा."

"मग समुद्राचं नाव घालायचं होतं. तुमचं कशाला घातलंत?"

ग्लेनिस पुन्हा बोलली तेव्हा आवाजातला गोडवा कमी झाला होता.

"पाच वर्षं घडवलं तुला. माझ्या घरात ठेवलं. तुझा लेख माझ्यापुढे आला, वाचला, आणि नावं बघितली. अकरा कोळिणींची नावं होती. माझं नव्हतं."

"तुम्हीच सांगितलं होतंत. पाय भिजले त्याचं नाव."

"अगं, ते विद्यार्थ्यांना सांगायचं असतं!"

समोर सेमिसी टाइप करायचा थांबला होता.

ग्लेनिसने मग तोडगा सांगितला. संपादकाशी तिचं बोलणं झालं होतं. लेख मागे घेतला तर जर्नलचीही शोभा होते, त्यापेक्षा एक 'दुरुस्ती' छापायची. अकानेसीचं नाव तिसऱ्या जागी येईल. फॉर्म मेलवर येतोय, सही करून पाठवायची, की मिटलं.

"तुझा करारही डिसेंबरात संपतोय ना? लेख असला तरच वाढवतात तुमच्याकडे, मला माहीत आहे. तुझ्याच भल्याचं सांगतेय."

"आणि गावाचं नाव?"

"गाव आलं की आमचं केंद्र जातं. केंद्र गेलं की लेखच जातो. शेवटी आभारात घालू की, 'पॅसिफिकमधल्या काही स्थानिक महिलांचे आभार' म्हणून. काय वाईट आहे?"

फॉर्म दुपारी आला. एकच पान. "सर्व नोंदी उपरोक्त अभ्यास केंद्रात घेतल्या गेल्या, हे मला मान्य आहे," आणि खाली सहीची जागा. सोबत संपादकाच्या दोन ओळी होत्या. उभय पक्षांनी सामोपचाराने मिटवल्यास जर्नल आभारी राहील. सात पानांच्या नियमांत सामोपचार हा शब्द कुठे नव्हता, तिने शोधून पाहिला. कुंपणच शेत खात होतं आणि राखणदार म्हणत होता, जरा सामंजस्याने घ्या.

तरी ती सही करणार होती. हे लपवण्यात अर्थ नाही. दर तीन वर्षांत एक लेख, नाही तर करार संपला, हा केंद्राचा नियम होता. या कराराची तीन वर्षं भरत आली होती. सदतिसाव्या वर्षी पुन्हा कुठे दारं ठोठावायची? सही नाही केली तर नोकरीही जाणार आणि नावही मिळणार नाही. केली तर निदान एक तरी हाती लागेल. फक्त आत्याला न विचारता ती करू शकत नव्हती. सेमिसीने तिला सबंध तक्ता छापून दिला. "आत्यांना दाखव. गुरुवारचं सांग, हसतील तरी," तो म्हणाला.

शनिवारी दुपारी ती गावी पोचली तेव्हा चर्चमागच्या सभागृहात बायका चटया विणत बसल्या होत्या. बाहेर उद्याच्या जेवणासाठी अळूची पानं धुऊन ठेवली होती. एसेता आत्या मधोमध, नाकावर दोऱ्याने बांधलेला चष्मा.

"छापून आलं?" आत्याने विचारलं.

"आलं. दुसऱ्याचं म्हणून आलं."

तिने सगळं सांगितलं. परीक्षक, तारखा, गुरुवार, फोन, फॉर्म, करार. बायकांचे हात चालूच होते. गुरुवारच्या वादळापाशी आल्यावर मात्र लोसाने हातातली पानं खाली ठेवली.

"चार वर्षं दर गुरुवारी? त्या बेटाला कुणाची तळतळ लागलीय म्हणायची!"

"त्या पालांगी गोऱ्यांना गुरुवारी पोट बिघडत असेल," दुसरी म्हणाली. "बुधवारी काय खातात विचार गं."

सगळ्या हसल्या. आत्याही हसली, पण तिने हात पुढे केला. "दाखव ते कागद."

अकानेसीने तक्ता दिला. आत्या अंगठा ओला करून एकेक पान उलटू लागली. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे तिचेच होते. ती ते ओठांतल्या ओठांत म्हणत होती.

"बरोबर आहेत," ती म्हणाली. "हा आकडा लोसाचा. ही नेहमी पाचाच्या पाढ्यात मोजते, आळशी मेली." मग थोड्या वेळाने, "आमचे आकडे चालले तिला. आमचा रविवार तेवढा चालला नाही."

आत्या पुढे उलटत राहिली. मग एका पानावर तिचं बोट थांबलं.

"हे काय आहे?"

अकानेसीने वाकून पाहिलं. ओळीने दहा दिवस रिकामे होते. त्यांच्या वरच्या ओळीत, शेवटच्या मोजणीत, चौऱ्याऐंशीच्या जागी एक्कावन्नच बिळं तपासलेली होती. तिने मनातल्या मनात चार दिवस मागे मोजले. त्या दिवशी पहिली तीन-चार पानं बघून तिने तक्ता मिटला होता. इथवर ती आलीच नव्हती.

"एक्कावन्न," आत्या म्हणाली. "मी एक्कावन्नाव्या बिळाशी वाकले होते, तेव्हा किनाऱ्यावरून हाका आल्या. तुझा बाप गेला म्हणून. मी तशीच आले, ओल्या पायांनी. वहीत एक्कावन्न लिहिलं ते तिसऱ्या दिवशी."

भाऊ गेला म्हणून दहा दिवस खडक बंद, हा हुकूम आत्यानेच दिला होता. दहाव्या दिवशी तो तिनेच उठवला होता.

"इथे काय लिहिलंय, हे दहा दिवस का मोजलं नाही म्हणून?"

अकानेसीने शेवटचं पान काढून तळाच्या टिपेवर बोट ठेवलं.

"वाच, पोरी."

"खराब हवामानामुळे."

आत्याने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"ती होती ना तेव्हा इथे. ग्लेनिस. विमानाने आली होती, काळे कपडे घालून. कमरेला दुखवट्याची चटई कशी बांधायची कळेना तिला, मी बांधून दिली. माझ्या भावाच्या उशाशी मी बसले होते आणि माझ्या पाठीशी ती. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली गं." तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माझ्या भावाचं मरण म्हणजे खराब हवामान?"

लोसाने पदर नसल्यामुळे डोळ्यांना हातातलं केवड्याचं पानच लावलं. अकानेसीला वडिलांची आठवण आली ती रागातून आली, आणि मग ती हमसून हमसून रडली, या सगळ्यात पहिल्यांदा. तोवर तिला वाटत होतं, ग्लेनिसने आकडे चोरले. चोरी माफ करता येते एखाद वेळेस. पण ही टीप लिहिताना, ते दहा दिवस कुठले हे ग्लेनिसला माहीत होतं. जगात त्या तक्त्याकडे बघून हे ओळखू शकणारी एकच बाहेरची बाई होती, आणि ती तीच होती.

बऱ्याच वेळाने आत्याने कागद नीट जुळवून तिच्या हातात दिले.

"सही करायची तर कर. तुझ्या पोटाचा प्रश्न आहे, आम्ही कुणी बोल लावणार नाही. मी म्हणते म्हणून नको करू आणि मी म्हणते म्हणून नको थांबू."

"तुला शब्द दिला होता, आत्या. गावाच्या नावाचा."

"दिला होतास. तो मी सोडला तुला. जा."

दुसरा दिवस रविवार होता, म्हणून अकानेसीने काहीच केलं नाही. चर्चला गेली, जेवली, झोपली. सोमवारी सकाळी ती कार्यालयात आली तेव्हा सेमिसीने तिचा चेहरा बघून थट्टा केली नाही, नुसता चहा ठेवला.

तिने गावाहून आणलेल्या आत्याच्या वहीतल्या त्या पानाचा फोटो काढला. एक्कावन्न, आणि खाली आत्याच्या अक्षरात भावाचं नाव व मृत्यूची तारीख. मग घरून आणलेला दुसरा फोटो त्याला जोडला. अंत्यविधीचा होता. आत्या वडिलांच्या उशाशी, आणि तिच्या मागे काळ्या कपड्यांतली ग्लेनिस, कमरेला चटई, डोळे सुजलेले. पाठीमागे सताड उघडं दार आणि त्यातून दिसणारा समुद्र, एकही लाट नसलेला.

पत्र तिने संपादकाला पाठवलं, ग्लेनिसलाही. त्यात आरोप नव्हता, कलम नव्हतं, करार वाढवा अशी विनंतीही नव्हती. डिसेंबरात आपलं टेबल रिकामं होईल हे तिला आता पक्कं ठाऊक होतं. सोबत तो फॉर्म होता. सहीच्या जागी तिने आपलं नाव लिहिलं नव्हतं. तिथे तिने दोनच वाक्यं लिहिली होती.

"ते दहाही दिवस हवा स्वच्छ होती. तुम्ही तिथे होतात."